तीन-पंचमांशाचा फायदा कुणाला?

'अमेरिकेच्या घटनेने गुलामाला तीन-पंचमांश माणूस ठरवलं, पूर्ण मोजलं असतं तर न्याय झाला असता,' असं तुम्ही म्हणता. खरा प्रकार उलटा होता. १७८७ साली घटना लिहायला जमलेल्या फिलाडेल्फियाच्या बैठकीत 'गुलाम पूर्ण मोजा' हा आग्रह दक्षिण कॅरोलिनाच्या मळेवाल्यांचाच होता. संसदेच्या प्रतिनिधिगृहातल्या राज्यांच्या जागा लोकसंख्येवर ठरणार होत्या, आणि शेवटी पाच गुलामांमागे तीन माणसं मोजायचं ठरलं. गुलामाला मत नव्हतंच. त्याच्या नावावर वाढलेली जागा मालकांच्याच पदरात पडायची. गुलामाचं हित पाहायचं, तर आकडा शून्य हवा होता.

पेनसिल्व्हेनियाचे प्रतिनिधी गूव्हर्नर मॉरिस (गूव्हर्नर हे त्यांचं नाव, पद नव्हे) यांनी ऑगस्टमध्ये हेच रोखठोक विचारलं. गुलाम माणसं असतील तर त्यांना नागरिक करा, मत देऊ द्या. मालमत्ता असेल तर बाकीची मालमत्ता का नाही मोजत? फक्त स्वतंत्र माणसं मोजावीत या त्यांच्या सूचनेला एकट्या न्यू जर्सीचं मत पडलं. त्यांच्या स्वतःच्या पेनसिल्व्हेनियानेही साथ दिली नाही!

आता १७९० च्या जनगणनेचे आकडे बघा. स्वतंत्र माणसं व्हर्जिनियात सुमारे ४ लाख ५५ हजार, पेनसिल्व्हेनियात ४ लाख ३१ हजार. फारसा फरक नाही. पण व्हर्जिनियात २ लाख ९२ हजारांवर गुलाम होते, म्हणजे हिशेबात पावणेदोन लाखांची भर. ३३ हजारांमागे एक जागा, या दराने व्हर्जिनियाला १९ जागा मिळाल्या, पेनसिल्व्हेनियाला १३. राष्ट्राध्यक्ष निवडणाऱ्या मतदारमंडळातही हीच गणती चालली.

मला मात्र दुसरा सौदा जास्त सलतो. गुलामांची आयात १८०० पर्यंत रोखायची नाही, असं त्याच बैठकीच्या एका समितीने सुचवलं होतं. दक्षिण कॅरोलिनाच्या पिंक्नी यांनी ते १८०८ केलं, आणि मॅसॅच्युसेट्स, कनेक्टिकट, न्यू हॅम्पशायर या उत्तरेकडच्या राज्यांनी त्याला मतं दिली. बदल्यात जहाजवाहतुकीचे कायदे साध्या बहुमताने करायची मुभा त्यांनी पदरात पाडून घेतली. विरोधात मत देणाऱ्यांत गुलामांनी भरलेलं व्हर्जिनिया होतं. वर १८०८ पर्यंत या कलमाला घटनादुरुस्तीनेही हात लावता येणार नाही, अशी तजवीज झाली. १८०३ च्या अखेरीस दक्षिण कॅरोलिनाने आयात पुन्हा खुली केली आणि मुदत संपेपर्यंत चाळीस हजारांच्या आसपास माणसं उतरवली.

'तडजोड केली नसती तर दक्षिण फुटली असती' हे तुमचं म्हणणं मी सहज मान्य करणार नाही. ती धमकी फार लवकर खरी मानली गेली. दक्षिणेतल्या जॉर्जिया राज्याच्या सीमेवर क्रीक या मूळ रहिवासी जमातीशी संघर्ष पेटला होता, शेजारी स्पॅनिश फ्लोरिडा होती. एकट्याने निभाव लागणं कठीणच. त्याच जॉर्जियाने २ जानेवारी १७८८ ला, एकही विरोधी मत न पडता, घटना मंजूर केली.