पाणी यायच्या आधी

प्रश्न: ताई, नमस्कार. मी ४६ वर्षांची, सांगलीत विश्रामबागला राहते. मिस्टर २०२१ च्या मे महिन्यात कोरोनात गेले. मी मार्केट यार्डात एका हळदीच्या अडत दुकानात हिशेब लिहिते. मुलगा २१ वर्षांचा, इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, फार समजूतदार आहे. पुन्हा लग्नच करायचं असं काही नाही, पण बोलायला, सोबतीला कुणी असावं असं वाटतं. मैत्रिणीच्या सांगण्यावरून टिंडर, बंबल आणि हिंज ही डेटिंगची तिन्ही ॲप पैसे न भरता वापरून बघितली. वर्ष होत आलं, कुठेच जुळत नाही. मिरजेच्या एका गृहस्थांशी पंधरा दिवस बरं बोलणं चाललं होतं. एका रविवारी सकाळी त्यांनी 'संध्याकाळी चहाला भेटायचं का' असं विचारलं, ते मला रात्री दिसलं. मग तेही आपोआप बंद पडलं. फुकटातलं, खरंच उपयोगाचं असं एखादं ॲप सांगाल का? जमलं तर कमी डेटा खाणारं सांगा. मुलगा अधूनमधून माझा फोन घेतो, म्हणून मी रोज सकाळी पाणी यायच्या आधी ॲप काढून टाकते आणि रात्री तो झोपला की परत घेते. त्यात डेटा फार जातो. – विश्रामबागेतली एक वाचक

उत्तर: तुम्ही ॲपचं नाव विचारलंत, ते मी सांगणार आहे. पण तुमचं पत्र वाचून झाल्यावर माझ्या डोक्यात ॲप राहिलंच नाही, राहिली ती तुमची सकाळ. नळाला पाणी यायला दहा मिनिटं आहेत, घरात अंधार आहे, आणि तुम्ही ओट्यापाशी उभ्या राहून त्या चौकोनी चित्रावर बोट दाबून धरताय. 'अनइन्स्टॉल' आलं की 'ओके' म्हणताय. मग पिंप भरायला घेताय. हे एक दिवस नाही, वर्षभर, रोज. आणि हे तुम्ही मला सांगितलंत कशासाठी, तर डेटा जातो म्हणून!

बाई, तुमचं कुठलंही ॲप बिघडलेलं नाही. जगातलं सगळ्यात चांगलं, सगळ्यात महागडं ॲप मी उद्या तुमच्या फोनमध्ये टाकून दिलं, तरी ते सकाळी साडेपाचला मरणार आणि रात्री साडेअकराला जिवंत होणार. मधले अठरा तास जी माणसं जागी असतात, कामावर असतात, दुपारी जेवताना फोन बघतात, त्यांच्यासाठी तुम्ही नाहीच. मिरजेचे गृहस्थ आपोआप बंद पडले नाहीत. त्यांनी सकाळी विचारलं, दुपारभर वाट बघितली, संध्याकाळचा चहा एकट्यानं घेतला आणि समजायचं ते समजले. माणूस कसा होता मला माहीत नाही, पण त्या दिवशी चूक त्याची नव्हती.

आता एक गोष्ट नीट ऐका, कारण ती तुम्हाला कुणी सांगितलेली दिसत नाही. फोनमधून ॲप काढलं म्हणजे खातं मिटत नाही. तुमचं नाव, वय, फोटो, लिहिलेल्या दोन ओळी, सगळं तिकडे कंपनीकडे तसंच राहतं आणि लोकांना दिसत राहतं. नाहीसं होतं ते फक्त तुमच्या हातातलं दार. म्हणजे लोक बाहेरून हाका मारतायत, पाटी दारावर लटकलेली आहे आणि घरात कुणी नाही. बंबलवर तर वेळेचंही बंधन आहे. दोघांनी एकमेकांना पसंत केलं की पहिला शब्द बाईनं टाकायचा, तोही २४ तासांत, नाहीतर जुळलेली जोडी पुसली जाते. त्या २४ तासांतला तासभर तुमच्या वाट्याला येतो, तोही दिवसभराच्या कामानं डोळे मिटत असताना. तिन्ही ॲप एकदम चालवायचा उपयोगही फारसा झाला नसणार. टिंडर आणि हिंज एकाच कंपनीची, मॅच ग्रुपची आहेत, आणि सांगली-मिरजेत तुमच्या वयाची, मनापासून सोबत शोधणारी माणसं मोजकी. तीच माणसं तिन्हीकडे भेटतात.

आणि ज्याच्यासाठी हे सगळं चाललंय, त्याच्यापासून तरी ते लपलंय का? रोज रात्री परत आत शिरताना फोनवर ओटीपी येत असेल. ते मेसेज तुम्ही एकेक करून पुसता का? प्ले स्टोअरमध्ये पूर्वी घेतलेल्या ॲपची यादी राहते, हे तुम्हाला ठाऊक आहे? इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाच्या मुलाला नक्की ठाऊक आहे. मी पैज लावत नाही, पण त्यानं ते पाहिलं असेल आणि तोही तुमच्यासारखाच गप्प बसला असेल, असं मला राहून राहून वाटतं. एकाच घरात दोन माणसं एकाच गोष्टीवरून एकमेकांना सांभाळत बसली आहेत.

फोनला कुलूप कसं लावायचं, ॲप कसं लपवायचं, सूचना कशा बंद करायच्या, हे मला सांगता येईल. दोन मिनिटांचं काम आहे आणि तुमचा डेटाही वाचेल. पण ते मी सांगणार नाही. कारण तुम्ही काढून टाकता ते नुसतं ॲप नाही.

तुमच्यापासून फार लांब नाही, शिरोळ तालुक्यात हेरवाड आहे. मे २०२२ मध्ये तिथल्या ग्रामपंचायतीनं ठराव केला, की नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र तोडायचं नाही. त्याच महिन्यात राज्य सरकारनं परिपत्रक काढून बाकीच्या ग्रामपंचायतींनाही त्याच वाटेनं जायला सांगितलं. तुमचे मिस्टर गेले त्याला तेव्हा जेमतेम वर्ष झालं होतं. तुमच्या बाबतीत घरच्यांनी काय केलं, ते तुम्ही लिहिलेलं नाही, मीही विचारत नाही. पण ज्यांचं पुसलं, त्यांचंही एकदाच पुसलं. तुम्ही मात्र रोज पहाटे, कुणी न सांगता, स्वतःच्या हातानं पुसताय. हे वाचताना मला भरून आलं आणि रागही आला. राग तुमच्यावर. हो, तुमच्यावरच.

मुलाबद्दल मी हळवी होणार नाही. तो समजूतदार आहे, हे तुम्ही पहिल्या चार वाक्यांतच सांगून टाकलंत, म्हणजे त्याला कुणी काही बोलायला नको! वडील गेले तेव्हा तो सोळा-सतरा वर्षांचा होता, त्याचं दुःख मोठं होतं, मान्य. आज तो एकवीस वर्षांचा आहे. मतदान करतो, बहुतेक गाडी चालवतो, उद्या नोकरीला लागेल आणि पुणे नाहीतर बंगळूर गाठेल. विश्रामबागेतल्या त्या घरात रात्री साडेअकराला मग फक्त तुम्ही असाल, आणि तेव्हा ॲप काढायचं काही कारणच उरणार नाही. तोवर थांबायचंय का? शिवाय फोन तुमचा आहे. तो घेतो तेव्हा विचारून घेतो का, हेही तुम्ही लिहिलेलं नाही. समजूतदार मुलाला 'माझा फोन विचारल्याशिवाय घ्यायचा नाही' एवढं समजतंच.

त्याला सांगायला हवं, याचं आणखी एक कारण आहे आणि ते अगदी रोकडं आहे. या ॲपवर भामटे पुष्कळ आहेत. परदेशातला इंजिनिअर, जहाजावरचा कॅप्टन, तिसऱ्या दिवशी 'तुझ्याशिवाय जगू शकत नाही' म्हणणारा आणि दहाव्या दिवशी कस्टममध्ये पार्सल अडकलं म्हणून पैसे मागणारा. दुसरी तऱ्हा याहून वाईट. रात्रीचा व्हिडिओ कॉल करायचा, तो नकळत रेकॉर्ड करायचा आणि मग 'तुमच्या मुलाला पाठवू का' अशी धमकी द्यायची. ही धमकी कुणाला लागू पडते? जिच्या मुलाला काहीच माहीत नाही तिला. तुमचं गुपित हेच त्यांचं भांडवल. ज्या घरात मुलाला माहीत आहे, तिथे त्या माणसाच्या हातात विकायला माल उरत नाही. आणि पहिल्यांदा कुणाला भेटायला जाताना घरातल्या एकाला तरी ठिकाण, वेळ आणि त्या माणसाचा नंबर ठाऊक असायला हवा. तुमच्या घरात दुसरं कोण आहे? कुठे फसवणूक झालीच आणि पैसे गेले, तर वेळ न दवडता सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन करायचा. तो फोन करतानाही शेजारी कुणीतरी लागतं.

आता ॲप. बंबल ठेवा. बाकीच्या दोन्हींची खाती सेटिंग्जमध्ये जाऊन 'डिलीट अकाउंट' करा आणि मगच ती फोनमधून काढा, पुन्हा घेऊ नका. बंबल यासाठी, की तिथे सुरुवात तुमच्या हातात राहते. जुळल्यावर समोरचा आपणहून 'हाय डिअर' म्हणू शकत नाही. दर वेळी पहिलं वाक्य सुचत नसेल, तर तुमच्या बाजूनं एक प्रश्न आधीच लिहून ठेवता येतो, जुळलेला माणूस त्याचं उत्तर देऊन बोलणं सुरू करतो. बघायला, जुळवायला, बोलायला पैसे लागत नाहीत. तुम्हाला कुणी कुणी पसंत केलंय ते चेहरे धूसर करून दाखवतात आणि स्पष्ट बघायचे तर पैसे मागतात. ते भरू नका, त्यावाचून काही अडत नाही. अंतराची मर्यादा वाढवा, कोल्हापूर आत येईल एवढी. पन्नासेक किलोमीटर, एसटीनं येण्याजोगं. आणि कधी खरोखरच विश्रांती हवी असली, घरी पाहुणे असले, मन नसलं, तर 'स्नूझ' म्हणून सोय आहे. तेवढे दिवस तुम्ही कुणाला दिसत नाही, खातं आणि जुळलेली माणसं जागच्या जागी राहतात. काढून टाकायची गरज कधीच नव्हती.

माणूस कसा पारखायचा, हे मी हळदीच्या पेठेतल्या बाईला काय सांगू? सौद्याच्या वेळी व्यापारी काय करतात, ते तुम्ही माझ्यापेक्षा जास्त वेळा पाहिलंय. वरून पॉलिश केलेलं हळकुंड कितीही चकाकू दे, ते मोडून आतला रंग बघितल्याशिवाय कुणी बोली लावत नाही. तसंच करा. आठवडाभर लिहून बोलणं झालं की दिवसाउजेडी, नीट कपड्यांत, पाच मिनिटांचा व्हिडिओ कॉल. जो टाळतो तो माल परत. मग भेट, चार माणसं असतील अशा ठिकाणी, दिवसा. पैशाचा विषय त्यानं काढला की हिशेबाची पट्टी तिथेच बंद. आणि अर्ध्या हळकुंडानं पिवळं होऊ नका. दोन गोड मेसेजवर एवढ्या वर्षांचा एकटेपणा ओतून मोकळं व्हावंसं वाटेल, ते दोन-तीन भेटींनंतर करा.

पण हे सगळं सोमवारपासून. त्याआधी रविवार आहे.

रविवारी सकाळी मुलगा उठला, चहा-पोहे समोर आले, की बसा. उभ्यानं, ओट्याकडे तोंड करून सांगू नका. त्याच्यासमोर बसा आणि म्हणा: 'मी फोनमध्ये एक ॲप घेतलंय. कुणी चांगला माणूस भेटतो का ते बघतेय. ते आता फोनमध्ये राहणार आहे.' एवढंच. 'तुला चालेल का' हे वाक्य जिभेवर येईल, ते गिळा. तुम्ही सांगताय, विचारत नाही. 'तुझ्या बाबांची जागा कुणी घेणार नाही' वगैरेही लगेच बोलू नका, त्यानं काही विचारण्याआधीच खुलासे देत बसलात तर गुन्हा केल्यासारखं दिसेल, आणि तुम्ही गुन्हा केलेला नाही.

तो चिडेल कदाचित. ताट सरकवून उठेल, दोन दिवस धड बोलणार नाही. न बोलू दे. तुम्ही वेळेवर जेवायला वाढा, डबा द्या आणि ॲप काढू नका. तिसऱ्या दिवशी तो येईल, फोन हातात घेईल आणि तुमचा तिथला फोटो बघून म्हणेल की हा काय फोटो लावलायस, मी काढून देतो चांगला. मुलं अशीच येतात, शब्दांत माफी मागत नाहीत.

आणि मिरजेच्या गृहस्थांना एक ओळ लिहा, ते अजून यादीत असतील तर. 'त्या रविवारी तुमचा मेसेज मला रात्री दिसला, तोवर चहाची वेळ टळली होती.' खरं आहे तेच लिहायचं. उत्तर आलं तर आलं. येईल तेव्हा सकाळचे दहा वाजले असतील, तुम्ही दुकानात वहीत आकडे मांडत असाल आणि फोन शेजारी पडलेला असेल. या वेळी तो वाजेल.