गेममधलं पात्र उगाच रडवायला मारलंय, हे कसं ओळखायचं?

ते पात्र गेल्यावर खेळताना तुमचं काही अडतं का, एवढं बघा.

'फायनल फँटसी सेव्हन' (१९९७) मध्ये एरिथ मरते. तोवर तुम्ही तिला तासन्‌तास सोबत फिरवलेलं असतं, लेव्हल वाढवलेल्या असतात. सगळ्या टोळीला बरं करण्यात तिचा हात धरणारं कोणी नाही. ती जाते आणि तिला लावलेला मटेरिया (जादूची ताकद देणारे गोळे) तेवढा तुमच्याकडे परत येतो. पुढच्या लढाईत टोळी घायाळ झाली की तिची आठवण येतेच. (पिशवीत पडलेल्याला उठवणारं फिनिक्स डाऊन असताना ती उठत का नाही, यावर आमच्या टिळकवाडीच्या कट्ट्यावर अजून भांडणं होतात. तेवढा दोष मान्य.)

उलट 'कॉल ऑफ ड्यूटी: अ‍ॅडव्हान्स्ड वॉरफेअर' (२०१४) घ्या. नायकाचा जिवलग मित्र विल आयर्न्स पहिल्याच मिशनमध्ये खलास. त्याची धड ओळखही झालेली नसते, तोवर अंत्यविधी. शवपेटीपुढे पीसीवर सूचना येते, श्रद्धांजलीसाठी एफ दाबा! लोकांनी इतकी टर उडवली की चॅटमध्ये नुसता एफ टाकायची पद्धतच पडली.

आमच्या खानापूरकडं जत्रेच्या नाटकात पहिल्या अंकात आई खोकली की मागची म्हातारी म्हणते, "ही जातीय बघ आता." गेममध्येही कोणी खिशातून पोरीचा फोटो काढून दाखवला, की त्याच्याकडची चांगली बंदूक आधी काढून घ्या की!