व्हिन्सेंट डी पॉल सोसायटी कोणी सुरू केली?

प्रश्न : वसईतल्या आमच्या चर्चमध्ये व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीची मंडळी गरिबांच्या घरी जातात. ही संस्था त्या संताने काढली का?

उत्तर : नाही. संत व्हिन्सेंट 1660 मध्ये वारले; संस्था 23 एप्रिल 1833 ची, पॅरिसची. फ्रेडरिक ओझानाम त्याच दिवशी वीस वर्षांचा झाला. संस्था काढली ती त्याने आणि त्याच्या सोबत्यांनी; हे सगळे विद्यार्थी. संपादक एमॅन्युएल बाय्यी त्यांचे पहिले अध्यक्ष. पाद्री कोणीच नव्हते, हे मुद्दाम लक्षात ठेवा. उत्साह भरपूर, अनुभव शून्य. तो दिला सिस्टर रोझाली रांद्यू यांनी. पॅरिसच्या मुफ्तार या गरीब वस्तीतली गरजू कुटुंबं कोणती, हे त्यांनी सांगितलं आणि पाव-सरपणाची कुपनंही सुरुवातीला त्यांनीच पुरवली.

पद्धत आजही तीच : दोघांनी मिळून जायचं, घरात बसून विचारपूस करायची, पुढच्या बैठकीत गरज मांडायची, मग मदत ठरवायची. बैठकीत गुप्त थैली फिरते; कोणी किती टाकले ते कळत नाही, त्यामुळे गरीब सभासदालाही संकोच वाटत नाही. भेट टाळून नुसतं धान्य पोचवलं, की आजारपण, कर्ज, मुलाची सुटलेली शाळा नजरेआड राहते. भेटीचा आग्रह आम्हाला म्हणूनच फार मोलाचा वाटतो.