घटना क्षुल्लक, पण रोजची

प्रश्न : मी बारा वर्षे लेखा विभागात काम करते. आठ महिन्यांपूर्वी नव्या विभागप्रमुख आल्या, तेव्हापासून बैठकीची वेळ मला ऐनवेळी कळते, मी केलेल्या अहवालावरून माझे नाव गळते आणि ‘यांना जरा दोनदा सांगावे लागते’ असे चारचौघांत हसत हसत म्हटले जाते. आता रविवार संध्याकाळपासूनच पोटात गोळा येतो, पहाटे तीनला जाग येते आणि साध्या बेरजाही मी पुनःपुन्हा तपासत बसते. घरचे म्हणतात, ‘तू फार मनाला लावून घेतेस.’ यात तक्रार करण्यासारखे खरोखर काही आहे, की माझाच स्वभाव हळवा आहे?
– एक वाचक

उत्तर : तुम्ही लिहिलेली प्रत्येक घटना सुटी काढून पाहिली, तर ती किरकोळ वाटते आणि नेमके त्यामुळेच त्रास देणाऱ्याचे फावते. स्वीडनमध्ये काम करणारे मानसशास्त्रज्ञ हाइन्झ लेमन यांनी १९८०च्या दशकात कामाच्या ठिकाणी होणाऱ्या अशा छळाचा अभ्यास केला, तेव्हा त्यांनी त्याच्या सातत्यावर बोट ठेवले : आठवड्यातून किमान एकदा आणि किमान सहा महिने. तुमचे आठ महिने त्यात सहज बसतात. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २०१९च्या १९० क्रमांकाच्या करारात तर मानसिक इजा करणारे वर्तन, ते एकदाच घडलेले असले तरी, हिंसा आणि छळ यांत मोडते. लैंगिक छळ असेल तरच तक्रार करता येते, या समजापायी अनेक स्त्रिया गप्प राहतात. आणि त्रास देणारी व्यक्ती स्त्री असली तर ‘बायकांची भांडणे’ म्हणून विषयच मिटवला जातो.

कडक अधिकारी आणि छळणारा अधिकारी यांत फरक आहे. कडक अधिकारी चूक कुठे झाली ते सांगतो आणि ती सुधारायला वाव देतो. तुमच्या बाबतीत मात्र माहितीच अडवली जात आहे.

‘स्वभाव हळवा’ ही शंकादेखील या त्रासाचाच परिणाम असू शकते. सततच्या ताणाने शरीर सावध अवस्थेतच राहते, झोप मोडते, अपुऱ्या झोपेने एकाग्रता घटते, त्यातून चुका होतात आणि मग त्याच चुका तुमच्याविरुद्ध पुरावा म्हणून दाखवल्या जातात. घरी परतल्यावर घरकामाची दुसरी पाळी सुरू होणाऱ्या स्त्रीला हा ताण उतरवायलाही सवड मिळत नाही. अशा वेळी बढती नाकारणे किंवा नोकरी सोडणे हा तिला ‘स्वतःचा निर्णय’ वाटतो, ही मला यातली सर्वांत क्लेशकारक गोष्ट वाटते.

आजपासून नोंद ठेवा : तारीख, वेळ, नेमके शब्द, कोण हजर होते आणि कामावर काय परिणाम झाला. ही वही घरी असू द्या, कार्यालयाच्या संगणकावर नको. तोंडी मिळालेल्या सूचना लगेच लेखी कळवून त्यांची खातरजमा करून घ्या. झोपेबद्दल डॉक्टरांना दाखवा आणि कामावरचा त्रासही त्यांना सांगा, म्हणजे त्याची नोंद राहील. तक्रार करताना ‘त्या दुष्ट आहेत’ असे लिहू नका. घडले ते क्रमाने लिहा आणि पोच घ्या. राजीनाम्याचा विचार मात्र चार रात्री नीट झोप लागेपर्यंत बाजूला ठेवा.

आणि तीन-चार आठवड्यांनी ती वही घरच्यांना सलग वाचायला द्या. त्यांनी आजवर एकेक प्रसंगच ऐकला आहे.