ब्रिटनमधले स्पीडवे क्लब विजेतेपद मिळवूनही बंद का पडतात? हा धंदा टिकू शकतो का?

तुम्ही विचारलंय की ब्रिटनमधले स्पीडवे मोटरसायकल शर्यतींचे क्लब लीग जिंकल्यावरही दोन-तीन वर्षांत बंद कसे पडतात, आणि अशा क्लबला आपल्या कमाईवर उभं राहता येतं का. मी हिशेबनीस आहे, बरीच वर्षं इंग्लंडमधल्या स्विंडनमध्ये राहतो आणि इथला क्लब बंद पडताना पाहिलाय. त्यामुळे हा प्रश्न माझ्या जवळचा आहे.

स्विंडनमध्ये गोंयकारांची मोठी वस्ती आहे. 2012 च्या उन्हाळ्यात ऑफिसातला मडगावचा एक मित्र मला गुरुवारी संध्याकाळी ॲबी स्टेडियमला घेऊन गेला. ज्यांनी स्पीडवे पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो: 500 सीसीची एकच सिलिंडर असलेली गाडी, इंधन मिथेनॉल, गियर एक आणि ब्रेक नाहीच. चार रायडर, चार फेऱ्या, सगळं मिळून साधारण एक मिनिट. फीत वर उडते, चौघं एकदम पहिल्या वळणात शिरतात आणि गाडी आडवी टाकून, मागचं चाक घसरवत वळण घेतात. ट्रॅक डांबरी नसतो, बारीक खडीच्या भुकटीचा असतो. वळणाजवळच्या कठड्याशी उभं राहिलं की ती भुकटी तोंडावर येते. जुने प्रेक्षक त्या क्षणी हातातल्या ग्लासावर कार्यक्रमपत्रिका धरतात. शर्यत संपल्यावर तीच पत्रिका उलटून पेनाने गुण लिहितात. इंजिनात एरंडेलाच्या जातीचं तेल घालतात, त्याचा गोडसर जळका वास जॅकेटला दुसऱ्या दिवसापर्यंत राहतो. मी त्या एका संध्याकाळीच या खेळाच्या प्रेमात पडलो.

त्या वर्षी स्विंडन रॉबिन्सनी लीग जिंकली. मग 2017 मध्ये जिंकली, त्याच वर्षी आमचा जेसन डॉयल जगज्जेता झाला. 2019 मध्ये पुन्हा जिंकली. 1949 पासून चालत आलेला क्लब, बॅरी ब्रिग्जसारखा चार वेळा जगज्जेता झालेला रायडर ज्याच्यासाठी खेळला तो. स्टेडियमची पुनर्बांधणी रखडत गेली, 2020 चा हंगाम कोविडने खाल्ला आणि त्यानंतर रॉबिन्स कधी ट्रॅकवर उतरलेच नाहीत. 2019 चे विजेते, आणि तोच शेवटचा हंगाम.

हे एकट्या स्विंडनचं नाही. वर्किंग्टन कॉमेट्सनी 2018 मध्ये दुसऱ्या श्रेणीतल्या तिन्ही स्पर्धा जिंकल्या आणि पुढच्या हंगामाआधीच क्लब बंद झाला (काही वर्षांनी वेगळ्या मैदानावर स्पीडवे त्या गावात परतलं). पीटरबरो पँथर्सनी 2021 ची प्रीमियरशिप, म्हणजे वरच्या श्रेणीची लीग, जिंकली आणि 2023 नंतर त्यांना मैदानच राहिलं नाही. तेव्हा तुमचा प्रश्न अगदी बरोबर जागी बोट ठेवणारा आहे. जिंकणं आणि टिकणं यांचा या खेळात फारसा संबंध नाही. उलट जिंकणं महाग पडतं. कसं ते सांगतो.

स्पीडवेत रायडरला पगार नसतो. तो स्वतंत्र व्यावसायिक असतो. गाड्या त्याच्या, इंजिनं त्याची, मेकॅनिक त्याचा, व्हॅन त्याची. क्लब त्याला हंगामाच्या सुरुवातीला काही रक्कम देतो आणि पुढे गुणामागे पैसे. आपल्याकडच्या बैलगाडा शर्यतीत जसा बैलांच्या खुराकापासून टेंपोपर्यंतचा खर्च मालकाचा असतो आणि कमाई घाटात काय होईल त्यावर, तसंच. एका हीटमध्ये, म्हणजे चौघांच्या एका शर्यतीत, पहिल्याला 3, दुसऱ्याला 2, तिसऱ्याला 1, शेवटच्याला शून्य. म्हणजे हीटला 6 गुण, 15 हीट, सामन्याला 90 गुण. शिवाय आपल्याच साथीदाराच्या लगोलग मागे आलेल्याला एक बोनस गुण, त्याचेही पैसे.

आता पुढचे आकडे नीट समजावेत म्हणून मी धरलेले आहेत, कुठल्याही क्लबच्या वहीतले नाहीत. समजा एका संध्याकाळी 1,000 माणसं आली. पूर्ण तिकीट 20 पौंडांच्या आसपास, पण म्हातारी माणसं आणि मुलं धरून सरासरी 18 पौंड पडले. जमा 18,000. त्यातला 20 टक्के व्हॅट तिकिटातच धरलेला असतो, म्हणजे 3,000 सरकारला गेले. उरले 15,000. रायडरला गुणामागे 100 पौंड धरा. घरच्या मैदानावर संघाने 48 गुण केले, खर्च 4,800.

इथपर्यंत बरं चाललंय असं वाटतं. पण पुढच्या आठवड्यात संघ बाहेरगावी जातो. गेटचे पैसे यजमान क्लबचे. तुमच्या रायडरांनी तिथे 42 गुण केले तर ते 4,200 तुम्हीच द्यायचे, आणि त्या दिवशी तुमची जमा शून्य. म्हणजे घरच्या एका गल्ल्यावर दोन सामन्यांचा खर्च निघायला हवा. बोनस धरून 10,000 त्यातच गेले. उरलेल्या 5,000 मध्ये मैदानाचं भाडं, रुग्णवाहिका आणि डॉक्टर (ते हजर नसतील तर शर्यत सुरूच होत नाही), ट्रॅकवरची माणसं, ट्रॅक्टर, नवी खडी, वळणावरचं हवा भरलेलं कुंपण, विमा, लीगची फी आणि परदेशी रायडरांची विमानाची तिकिटं. हे गणित मी तेव्हा कार्यक्रमपत्रिकेच्या मागच्या कोऱ्या जागेत मांडून मित्राला दाखवलं होतं. तो इतकंच म्हणाला, "मागीर हे जगतात कशे?"

यातच जिंकण्याचं दुखणं आहे. घरच्या मैदानावर 60-30 ने जिंकलात तर 60 गुणांचे पैसे मोजायचे, वर सामना एकतर्फी झाला म्हणून प्रेक्षक अर्ध्यातच घरी निघतो. 46-44 ने जिंकलात तर खर्च कमी आणि शेवटच्या हीटपर्यंत माणूस कठड्याला चिकटून राहतो. बाहेरगावी चांगली कामगिरी केलीत की बिल वाढलं आणि जमा काहीच नाही. लीगने संघाची ताकद मर्यादेत ठेवायला नियम केले आहेत. रायडरांच्या मागच्या हंगामातल्या गुणांच्या सरासरीची बेरीज ठरावीक आकड्याच्या आतच ठेवावी लागते, त्यामुळे विजेत्या संघाला दर वर्षी एखाद-दोन चांगली माणसं सोडावी लागतात. स्पर्धा चुरशीची राहावी म्हणून नियम योग्यच आहे, पण जिंकल्याचा फायदा पुढच्या वर्षी गल्ल्यात दिसत नाही.

आणि पाऊस. एका संध्याकाळचं चित्र अजून डोळ्यांसमोर आहे. दिवसभर भुरभुर चालू होती, सहाच्या सुमारास थांबली. एक माणूस रबरी बूट घालून ट्रॅकवर गेला, टाचेने दाबून पाहिलं, खाली वाकून मूठभर खडी उचलली आणि पिळली. बोटांतून पाणी गळालं. ट्रॅक्टर दोनदा फिरला, गेट उघडलेलं होतं, माणसं आत येत होती. मग भोंग्यावरून सामना रद्द झाल्याचं सांगितलं. पोलंडहून आलेला रायडर सकाळच्या विमानाने उतरला होता, रुग्णवाहिका उभी होती, पाव कापून ठेवलेले होते. खर्च सगळा झाला होता आणि तिकिटं पुढच्या तारखेला चालणार होती. ही पुढची तारीख कुठल्यातरी आडवारी पडते आणि निम्मी माणसं येतात. इंग्लंडच्या एप्रिल-मेमध्ये असं दोनदा झालं तर वर्षाचं गणित गेलं.

तरीही माझ्या मते क्लब मरतात ते मुख्यतः या कारणाने नाही. तोट्यात चालवणारे प्रमोटर, म्हणजे क्लब चालवणारे मालक, असतात, खिशातले घालतात, वर्षानुवर्षं घालतात. मरण येतं ते जागेतून. ब्रिटनमधले बरेच क्लब भाडेकरू आहेत आणि स्टेडियम बहुधा कुत्र्यांच्या शर्यतीसाठी बांधलेलं असतं. स्पीडवेला आठवड्यातली एक रात्र मिळते. बहुतेक ठिकाणी बार, खाणं आणि पार्किंगची कमाई स्टेडियमवाल्याची. म्हणजे प्रेक्षक गोळा करण्याची मेहनत क्लबची, पण तो आत आल्यावर जे खर्च करतो त्यातला मोठा वाटा दुसऱ्याकडे. गावाकडे तमाशाच्या फडाने गर्दी खेचावी आणि भज्यांचा गल्ला जागेवाल्याने मोजावा, तसं.

आणि शहर वाढत वाढत स्टेडियमपर्यंत आलं की त्या जमिनीवर घरं बांधण्यात जो पैसा असतो त्याच्यापुढे कुठलाही खेळ उभा राहू शकत नाही. विम्बल्डनचा स्पीडवे क्लब 2005 ला गेला, भाड्यावरून. एक्सेटरचं काउंटी ग्राउंड त्याच वर्षी विकलं गेलं. कॉव्हेंट्री बीज हा तर देशातल्या मोठ्या क्लबांपैकी एक, ब्रँडनच्या स्टेडियमवर 2016 नंतर शर्यत झाली नाही. सोमरसेटचं मैदान 2020 मध्ये मालकाने विकलं. वुल्व्हरहॅम्प्टनमध्ये 1928 पासून स्पीडवेचं नातं होतं, स्टेडियम एका सट्टेबाजीच्या कंपनीचं, तिने भाडेकरार वाढवला नाही आणि 2023 ला तेही संपलं. पीटरबरोचं मैदानही त्याच वर्षी घरबांधणीच्या योजनेत गेलं. 2024 च्या हंगामात वरच्या श्रेणीत सात संघ उरले होते, तेही दोन क्लब खालच्या श्रेणीतून वर आले म्हणून. एवढ्या कमी संघांत तोच पाहुणा संघ पुन्हा पुन्हा येतो, आणि प्रेक्षकाला ते जाणवतं.

उलट उदाहरण मँचेस्टरचं आहे आणि मला ते फार महत्त्वाचं वाटतं. तिथल्या महापालिकेच्या पुढाकाराने सुमारे 80 लाख पौंड खर्चून नॅशनल स्पीडवे स्टेडियम उभं राहिलं. 2016 च्या मार्चमध्ये उद्घाटनाच्याच दिवशी ट्रॅक शर्यतीच्या लायकीचा नाही म्हणून कार्यक्रम रद्द करावा लागला. हजारो लोक आले होते. क्लब चालवणारी मंडळी त्या वर्षाच्या अखेरीपर्यंतही तग धरू शकली नाहीत. भाड्याच्या स्टेडियमवर असं झालं असतं तर विषय तिथेच संपला असता. पण जमीन स्पीडवेसाठीच राखलेली होती. नवे प्रमोटर आले, ट्रॅक दुरुस्त झाला, आणि तिथल्याच बेल व्ह्यू एसेस क्लबने 2022 ला आणि 2024 ला लीग जिंकली. चालवणारा बुडाला तरी जागा राहिली, म्हणून क्लब राहिला. ऑक्सफर्डलाही महापालिकेने 2014 मध्ये स्टेडियमच्या जागेवर घरं बांधायला परवानगी नाकारली, म्हणूनच 2022 मध्ये तिथे पुन्हा इंजिनांचा आवाज ऐकू आला.

मग पोलंडकडे बघा असं कुणीही सांगेल. बघायलाच हवं. तिथे हा घराघरातला खेळ आहे. स्टेडियमं बहुतेक शहरांच्या मालकीची. तोरुन्यचं मोटोअरेना 2009 मध्ये उघडलं, पंधरा हजारांच्या वर खुर्च्या आणि प्रेक्षकांवर छप्पर. पावसासाठी ट्रॅकवर ताडपत्री अंथरायची सोय वरच्या लीगमध्ये बंधनकारक आहे, म्हणजे तो टाचेने खडी दाबणारा माणूस तिथे इतका हवालदिल होत नाही. टीव्हीचे पैसे येतात, सरकारी कंपन्या प्रायोजक असतात, आणि परवाना देण्याआधी क्लबचे हिशेब तपासले जातात.

पण जमेबरोबर रायडरांचे दरही चढले. चांगले रायडर मोजकेच, त्यांच्यावर बोली लागते, आणि क्लब पुढच्या वर्षीच्या आशेवर या वर्षी सही करतो. गोझूव हे शहर स्पीडवेवर जीव टाकणारं, 2025 पर्यंत सहा वेळा जगज्जेता झालेला बार्तोश झ्मार्झलिक तिथेच घडला. त्याच शहराचा स्टाल हा क्लब 2024 च्या हंगामानंतर कर्जात इतका रुतला की पुढचा परवाना मिळतो की नाही अशी पाळी आली आणि शहराला मदतीला धावावं लागलं. म्हणजे भरलेलं स्टेडियम, टीव्ही, शहराची जमीन, हे सगळं असूनही रायडरच्या बोलीला वेसण नसेल तर तिजोरी रिकामीच.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं माझं उत्तर असं की हो, टिकू शकतो, पण लहान आकारात आणि स्वतःच्या जागेवर. ग्लासगोमध्ये क्लब चालवणाऱ्या कुटुंबाने स्टेडियमच विकत घेतलं. स्कंथॉर्पला प्रमोटरांनी स्वतः ट्रॅक उभा केला. अशा ठिकाणी बारचा पैसा क्लबचा असतो आणि ज्या रात्री स्पीडवे नसेल त्या रात्री मैदान दुसऱ्या कशालातरी देता येतं. दुसऱ्या श्रेणीत गुणाचा दर कमी आणि बरेच रायडर दिवसा दुसरी नोकरी करतात. पूल गावच्या, मोठ्या नावाच्या क्लबने 2019 च्या हंगामानंतर स्वतःहून वरची श्रेणी सोडली. तेव्हा अनेकांना तो कमीपणा वाटला होता. मला तो त्या काळातला सर्वांत शहाणा निर्णय वाटतो, कारण ते आजही शर्यती लावतायत आणि त्या 2019 मध्ये वरच्या श्रेणीचा चषक ज्यांनी उचलला ते आम्ही स्विंडनवाले घरी बसलोय.

तुम्ही इंग्लंडमध्ये असाल किंवा येणार असाल तर एक करा. जवळच्या क्लबला फुकट पास मागू नका, गेटवर तिकीट काढा, कार्यक्रमपत्रिका विकत घ्या, आणि पावसाने रद्द झालेला सामना पुन्हा लागेल त्या मंगळवारी किंवा बुधवारी आवर्जून जा. क्लबला माणसांची सगळ्यात जास्त गरज त्याच रात्री असते. माझा मडगावचा मित्र आणि मी आता उन्हाळ्यात दोन-तीनदा दीडेक तास गाडी चालवून दुसऱ्या गावी जातो. निघताना तो अजून रॉबिन्सचाच लाल मफलर गळ्यात घालतो, आणि तिथल्या गेटवरची माणसं तो ओळखून आत जाताना आमची विचारपूस करतात.