वजन जरा उतरलं की जाईन

"मॅडम, वजन जरा उतरलं की जिम लावणार आहे." हे वाक्य मी समुपदेशनाच्या कामात आठवड्यातून एकदा तरी ऐकते. बोलणारी कधी कॉलेजातली मुलगी असते, कधी बाळंतपणानंतर कामावर रुजू झालेली बाई, कधी पन्नाशी उलटलेले बँकेतले गृहस्थ. कामाला बाई येणार म्हणून आधीच भांडी विसळून ठेवणारी माणसं असतात ना, त्यातलाच हा प्रकार. ऐकायला गमतीचा, पण त्यात वर्षं निघून जातात. म्हणून एका ताईंची गोष्ट सांगते. त्यांची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

ताई कोल्हापूरच्या. वय 46, नोकरी शाळेत, साखर काठावर आल्याचं डॉक्टरांनी सांगितलेलं. पहिल्याच भेटीत त्यांनी पर्समधून तीन पावत्या काढून टेबलावर ठेवल्या.

"तीन जिमची वर्षवर्षाची फी भरली. तिन्हीकडं मिळून अकरा दिवस गेले असेन. चौथीची भरू का नको, एवढंच सांगा."

"अकराव्या दिवशी काय झालं?"

ताई ट्रेडमिलवर होत्या. समोर आरसा, आणि आरशात मागच्या दोन मुली हसताना दिसल्या. ताईंनी मशीन बंद केलं, पाण्याची बाटली उचलली आणि घरी आल्या. नॅपकिन तिथेच राहिला, तो आणायलाही पुन्हा गेल्या नाहीत.

"त्या तुम्हालाच हसल्या?"

"मग आणि कुणाला?"

अशा वेळी घरचे म्हणतात, 'अगं, त्या आपापसात हसत असतील.' मी तसं म्हणत नाही. खरंच हसल्या असल्या तर? अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांची आणि आपल्याकडे कि. मो. फडके यांनी रुजवलेली विवेकनिष्ठ विचारपद्धती मी शिकले. तिच्यात घटनेशी हुज्जत घालत नाहीत, घटनेचा माणसाने काय अर्थ लावला ते बघतात.

"बरं, समजा तुम्हालाच हसल्या. पुढे?"

ताई बराच वेळ पावत्यांच्या घड्या घालत राहिल्या. मग म्हणाल्या, "आपण तिथं नसावं, असं वाटलं."

'नसावं' हा शब्द मी वहीत लिहून ठेवला. त्याचं मोल मात्र मला पुढे चार महिन्यांनी कळलं.

नंतरच्या भेटींत घरचं निघालं. वडील पैलवान, खासबागेत कुस्त्या केलेले. "दादांचं वजन दोन किलोनं वाढलं की अख्खी गल्ली खूश व्हायची. माझं वाढलं की आत्या आईला बाजूला बोलवायची." वडिलांसाठी दुधाची किटली घेऊन ताई लहानपणी रोज तालमीपर्यंत जायच्या, उंबऱ्यावर किटली ठेवायची आणि मागे फिरायचं. आत बायकांना मज्जाव. हळद, ताक, लिंबू मुरलेल्या लाल मातीचा वास त्यांना अजून आठवतो. कुस्तीचा हौदा मात्र त्यांनी आयुष्यात पाहिलेला नाही. ज्या गावात वजनाला मान आहे, त्याच गावात ही बाई वजन लपवत मोठी झाली.

मी माझ्या पद्धतीने पुढे निघाले. लोक आपल्याकडे किती बघतात याचा आपला अंदाज नेहमी फुगलेला असतो, हे पटवून द्यायला मी त्यांना अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाचा 2000 साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग सांगितला. विद्यार्थ्यांना लाज वाटेल असं एका गायकाचं चित्र असलेला टी-शर्ट घालून भरल्या खोलीत पाठवलं. निम्म्या लोकांनी तरी चित्र ओळखलं असेल, असं त्यांना वाटलं. प्रत्यक्षात जेमतेम पाव लोकांना ते सांगता आलं. हा प्रयोग मी फार वेळा सांगते आणि बहुतेकांचे खांदे तो ऐकून सैल पडतात.

ताई म्हणाल्या, "मॅडम, तो टी-शर्ट होता. बाहेर आल्यावर काढून टाकला असेल त्यांनी."

मी गप्प बसले. वीस वर्षांच्या कामात माझा हा हुकमी पत्ता इतक्या सहज कुणी उलटवला नव्हता.

मग मी एक साधं काम दिलं. महापालिकेच्या एका शाळेच्या हॉलमध्ये संध्याकाळी ज्युदो आणि व्यायामाचा वर्ग चालतो. माझ्याकडे येणाऱ्या एका मुलाच्या आईकडून मला तो कळला होता आणि मी स्वतः जाऊन बघून आले होते. "फी भरायची नाही. कपडे बदलायचे नाहीत. एक तास बाकावर बसून यायचं आणि मला सांगायचं, तिथं नवीन माणसाचं पहिल्या पंधरा मिनिटांत काय होतं."

ताई सांगत आल्या. आरसा नाही. मॅटवर शाळकरी पोरं, भाजीची गाडी लावणारी एक मावशी, गुडघ्याला पट्टा बांधलेले एक आजोबा, आणि सगळे पडत होते. म्हणजे खरोखर पडायचा सराव करत होते. ज्युदोत पहिला धडा पडण्याचाच. हनुवटी छातीशी घ्यायची, श्वास सोडायचा, तळहातापासून दंडापर्यंत सगळा हात मॅटवर आपटायचा, म्हणजे धक्का पाठीला बसत नाही आणि डोकं वाचतं.

वर्गात एक दृष्टिहीन मुलगाही आहे. दृष्टिहीनांच्या ज्युदोत लढत सुरू होतानाच दोघांनी एकमेकांचे जॅकेट धरलेले असतात. 2024च्या पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये कपिल परमार यांनी याच खेळात कांस्य मिळवलं, भारताचं ज्युदोतलं ते पहिलं पॅरालिम्पिक पदक. या मुलासाठी म्हणून सरांनी 'आधी पकड, मग हालचाल' हा नियम सगळ्या वर्गाला लावला. त्याचा एक फायदा त्यांच्याही ध्यानात नव्हता. नवीन माणसाला भिंतीला टेकून उभं राहायला सवडच मिळत नाही. आत पाऊल टाकलं की कुणीतरी येऊन त्याची कॉलर धरतं.

"माझी पण धरली," ताई म्हणाल्या. "मी साडीत होते. त्या मावशींनी पदर खोचायला सांगितला."

सरांनी आधी गुडघे, रक्तदाब आणि साखर विचारली, डॉक्टरांची चिठ्ठी मागितली, मग सलवार-कमीजवर यायला सांगितलं. पहिले काही आठवडे नुसतं बसल्या जागेवरून मागे पडणं. "पडायचं वय आहे का हे?" असं ताई दर भेटीत कुरकुरत, आणि दर आठवड्याला जात. दोनदा बंदही केलं. एकदा पाहुणे आले म्हणून आणि एकदा नुसतंच.

चार महिन्यांनंतरची एक भेट माझ्या लक्षात राहिली. ताई उशिरा आल्या, पर्स मांडीवरच ठेवून बसल्या.

"काल एक पोरगी रुसली माझ्यावर."

"का?"

"मी शनिवारी गेले नाही म्हणून."

ही मुलगी नववीतली, 70 किलोवरच्या गटात जिल्हा स्पर्धेची तयारी करणारी. फेकायचं नाही, नुसतं आत शिरायचं, समोरच्याचा तोल हलवायचा आणि मागे यायचं, असं शेकडो वेळा करायचं, याला उचिकोमी म्हणतात. त्यासाठी आपल्या अंगाचं माणूस समोर लागतं. चाळीस किलोच्या पोरांवर तिचा सराव होईना. वर्गात तिच्या वजनाच्या फक्त ताई होत्या.

"म्हणाली, काकू, तुम्ही नव्हता तर माझा सगळा दिवस फुकट गेला. अशी नाकावर राग घेऊन उभी." ताई हसल्या, आणि मग हसता हसता रडायला लागल्या. "माझ्या वजनासाठी कुणी वाट बघत बसेल, असं कधी वाटलं नव्हतं हो."

मी पाण्याचा पेला पुढे केला आणि वहीची जुनी पानं उलटली. 'आपण तिथं नसावं.' चार महिने मी त्या वाक्यातल्या लोकांच्या नजरेशी झगडत होते. कुणी बघत नाही, बघितलं तरी बिघडत नाही, हे त्यांना पटवत होते. ते पटलंही होतं, पण पटून कुणी रोज संध्याकाळी सहा वाजता घराबाहेर पडत नाही. ताईंचा प्रश्न आपलं असणं खपेल का हा नव्हता, आपण नसलो तर कुणाचं काही अडेल का हा होता. त्याचं उत्तर मी कितीही बोलून देऊ शकले नसते, ते नववीतल्या एका पोरीने रुसून दिलं. थोडं श्रेय मीही घेते, बाकावर मीच बसवलं होतं.

हॉलच्या भिंतीवर 'जिता क्योएई' असं लिहिलंय, खाली मराठीत 'दोघांचं भलं'. ज्युदोचे संस्थापक जिगोरो कानो यांचं हे सूत्र. अंगाने लहान म्हणून शाळेत पोरांचा मार खाल्लेला हा माणूस. 1882मध्ये, 21व्या वर्षी, टोकियोतल्या एका देवळात 12 चटयांवर त्याने शिकवायला सुरुवात केली. तिथे जोडीदाराशिवाय शिकणंच होत नाही. ट्रेडमिलला तुमच्या येण्या-न येण्याने काही फरक पडत नाही, हे त्या तीन पावत्यांचं खरं दुखणं होतं.

तेव्हा 'कुठे जाऊ' असं विचारणाऱ्यांना मी आता यंत्रं मोजायला सांगत नाही. एक तास बसून बघा. तुम्ही आला नाहीत तर कुणाच्या लक्षात येईल का, एवढं ताडा. वर्षाची फी एकदम मागणाऱ्याला महिन्याची चालेल का विचारा. चेहरा बघण्यासारखा होतो. दुखण्यांची चौकशी न करता पहिल्याच दिवशी घाम काढणारा शिक्षक नको. मार्शल आर्ट असेल तर एक गोष्ट जरूर पाहा. खालच्याने हाताने दोनदा थापटलं की वरचा त्याच क्षणी सोडतो का? 'अजून थोडं सहन कर' असं म्हणत धरून ठेवत असतील, तर तिथून चपला घालून निघा. बायकांना कपडे बदलायला कडी लागणारी खोली हवी, हेही विचारायला लाजू नका. आणि ज्यांचं जेवण तुटलंय, जे खाऊन मुद्दाम उलटी काढतात किंवा आठवडेच्या आठवडे घराबाहेर पडलेले नाहीत, त्यांनी आधी मनोविकारतज्ज्ञांना भेटावं. त्यांच्यावर वर्ग हा उपाय नाही.

वजन किती उतरलं, हे विचारणारच तुम्ही. आठ महिन्यांत चार किलो. अजून उतरू द्यायचं का, यावर त्या मुलीचं आणि डॉक्टरांचं एकमत नाही. वडिलांनी एका रविवारी घरातली गादी खाली घालायला लावली आणि ताईंना पडून दाखवायला सांगितलं. दोनदा बघितलं, मग म्हणाले, "हनुवटी अजून आत घे."

मागच्या महिन्यात ताईंचा फोन आला. "मॅडम, गुरुवार जमणार नाही, पोरीची स्पर्धा आहे." मी पुढच्या आठवड्यातली वेळ दिली. तीही त्यांनी रद्द केली.