तेलबिया कोंबडीच्या पोटात, खुणा अंड्यात : वाचकांच्या प्रश्नांची उत्तरे

कोंबडीखाद्यातल्या तेलबियांबद्दल इतकी पत्रं साचली आहेत की हा सबंध भाग त्यांनाच देत आहे. बहुतेक पत्रांमागे एकच समजूत दिसते: तेलबी पौष्टिक, म्हणून जितकी जास्त घालू तितकं अंडं चांगलं. तेलबीतलं चांगलं तेल बलकात उतरतं हे खरं आहे. पण तिच्यातला दोषही त्याच वाटेने उतरतो, आणि तिकडे फारच थोड्या जणांचं लक्ष असतं.

प्रश्न : अंड्यावरच्या चाळीस कोंबड्या आहेत. ओमेगा-३ साठी तयार लेअर खाद्यात जवस मिसळायचं आहे. रोज किती मुठी घालू?

मुठीने मोजू नका, वजन करा. एकूण खाद्याच्या १० टक्क्यांवर जवस नेऊ नये. सुरुवात ३-४ टक्क्यांनी करावी आणि दोनेक आठवड्यांत हळूहळू वाढवावं.

जवसाच्या बियांत साधारण ४० टक्के तेल असतं आणि त्या तेलाचा निम्म्याहून जास्त भाग अल्फा-लिनोलेनिक आम्ल, म्हणजे वनस्पतींमधलं ओमेगा-३. खाद्यात १० टक्के जवस असेल तर एका अंड्यातलं ओमेगा-३ साधारण ३०० ते ५०० मिलीग्रॅमपर्यंत जातं. साध्या अंड्यात ते शंभराच्या आत असतं. त्यापुढे जवस वाढवलं की नुकसान सुरू होतं. बियांवरचा चिकट डिंक पचनात आडवा येतो आणि विष्ठा चिकट होते. लिनॅटिन नावाचा घटक ब-६ जीवनसत्त्वाच्या कामात अडथळा आणतो. सायनाइड सोडणारी संयुगंही त्यात थोड्या प्रमाणात असतात. कोंबड्या खाणं कमी करतात, वजन उतरतं, अंडी घटतात.

तुमच्या पत्रातली खरी चूक वेगळीच आहे. तयार खाद्य आधीच संतुलित केलेलं असतं. त्यात वरून १० टक्के जवस ओतलं की कॅल्शियम, मेथिओनिन (प्रथिनाचा एक आवश्यक घटक), जीवनसत्त्वं, सगळंच जवळपास तेवढ्या प्रमाणात पातळ होतं. अंड्यावरच्या कोंबडीला खाद्यात ३.५ ते ४ टक्के कॅल्शियम लागतं. ते कमी पडलं की कवच पातळ झालंच म्हणून समजा. जवस धरून खाद्याचं सूत्र नव्याने बसवावं लागतं, आणि ते पशुआहारतज्ज्ञाकडूनच बसवून घ्या.

प्रश्न : जवस सुरू करून पाच दिवस झाले. आजपासूनची अंडी 'ओमेगा-३' म्हणून विकता येतील का?

नाही. बलक एका रात्रीत भरत नाही. अंडाशयातला प्रत्येक बलक शेवटच्या साधारण दहा दिवसांत थरावर थर चढून मोठा होतो. पाचव्या दिवशीच्या अंड्यात निम्मा बलक जुन्याच खाद्याचा असतो. पातळी स्थिर व्हायला दोन ते तीन आठवडे लागतात आणि जवस बंद केल्यावर ती उतरायलाही साधारण तेवढेच. त्यानंतरही प्रयोगशाळेत बलकाची फॅटी ॲसिड तपासणी करून घ्या आणि लेबलाबद्दलचे तुमच्याकडचे नियम संबंधित अन्नसुरक्षा कार्यालयात विचारा. तपासणीशिवाय असा शब्द छापणं म्हणजे गिऱ्हाइकाची फसवणूक आहे.

प्रश्न : जवस खाणाऱ्या कोंबडीच्या अंड्यात कोलेस्टेरॉल कमी असतं ना?

नाही; मोठ्या अंड्यात ते साधारण १८५ मिलीग्रॅम असतं आणि जवसाने त्यात सांगण्याजोगा फरक पडत नाही.

प्रश्न : गडद केशरी बलक म्हणजे ओमेगा-३ जास्त, असं विक्रेता सांगतो.

त्याला सांगा की हे चूक आहे. बलकाचा रंग ल्युटिन, झिॲझँथिन अशा रंगद्रव्यांचा. ती पिवळ्या मक्यातून, हिरव्या चाऱ्यातून किंवा खाद्यात घातलेल्या झेंडूच्या अर्कातून येतात. जवसाने बलक केशरी होत नाही, आणि ओमेगा-३ डोळ्यांना दिसत नाही. रंग दाखवून तेलाची किंमत वसूल करण्याचा हा प्रकार फार पसरला आहे.

प्रश्न : दोन कंपन्यांच्या अंड्यांवर ओमेगा-३ चा आकडा सारखाच आहे, पण किमतीत मोठा फरक आहे. कुठली घ्यावी?

आकडा कशाचा आहे ते आधी पाहा. ओमेगा-३ हे एका कुटुंबाचं नाव आहे. जवसातून येणारं अल्फा-लिनोलेनिक आम्ल त्यातलंच, आणि मेंदूला व डोळ्यांना हवं असलेलं डीएचए हेही त्यातलंच. माणसाचं शरीर पहिल्यापासून दुसरं फार थोडं बनवतं. कोंबडीचं यकृत हे काम आपल्यापेक्षा बरं करतं, म्हणून जवस खाणाऱ्या कोंबडीच्या बलकात डीएचएसुद्धा वाढतं. पण जवस कितीही वाढवलं तरी ते एका अंड्यात १०० मिलीग्रॅमच्या आसपास येऊन थांबतं. त्यापुढे जायचं तर खाद्यात मासळीचं तेल किंवा सागरी शेवाळ घालावं लागतं. 'ओमेगा-३ : ४०० मिलीग्रॅम' एवढंच छापलेलं असेल आणि त्यात डीएचए किती हे लिहिलेलं नसेल, तर कंपनीला पत्र लिहून विचारा. उत्तर आलं नाही तर त्या आकड्यासाठी जास्त पैसे देऊ नका.

प्रश्न : दीड महिन्यापूर्वी पोतंभर जवस एकदम दळून ठेवलं, तेच खाद्यात घालतो आहे. गेले तीन आठवडे कोंबड्या कमी खातात, अंडी कमी झाली, बलकाला रंगासारखा वास येतो. चार कोंबड्या अचानक मेल्या. ओळखीच्या एकाने लसूण-हळद द्यायला सांगितली, ती देतो आहे. आणखी किती दिवस वाट पाहू?

एक दिवसही नाही. हे पत्र वाचून जीव कासावीस झाला, कारण याच चालीची पत्रं मला पुन्हा पुन्हा येतात आणि प्रत्येकात ते 'तीन आठवडे' असतात.

आधी आजचं काम. ते खाद्य काढून घ्या आणि ताजं, जवस नसलेलं लेअर खाद्य द्या. जुनं फेकून देऊ नका. किलोभर नमुना पिशवीत बंद करून ठेवा. पुढची कोंबडी मेली तर ती थंड जागी ठेवून लगेच पशुवैद्यकाकडे शवविच्छेदनाला न्या. अचानक मरतूक हे राणीखेत किंवा बर्ड फ्लूसारख्या साथीचंही लक्षण असतं, त्यामुळे 'जवसच असेल' हे तुम्ही घरी ठरवू नका आणि मीही पत्रावरून ठरवणार नाही. निदान होईपर्यंत पक्षी, अंडी, खत यांतलं काही बाहेर जाऊ देऊ नका आणि मेलेल्या पक्ष्यांना उघड्या हातांनी शिवू नका.

आता जवसाबद्दल. जवसाचं तेल चित्रकार रंगात का वापरतात? कारण ते हवेतला प्राणवायू शोषून घेतं आणि सुकून कडक होतं. अल्फा-लिनोलेनिक आम्लाच्या रेणूत तीन दुहेरी बंध असतात आणि प्राणवायू नेमका त्यांच्या आसपासच हल्ला चढवतो. म्हणजे ज्या गुणासाठी तुम्ही जवस घालता, त्याच गुणामुळे ते लवकर नासतं. अख्ख्या बियांत तेल टरफलाच्या आत सुरक्षित असतं आणि कोरड्या जागी महिनोन्‌महिने टिकतं. दळलं की प्रत्येक कणाला हवा लागते, आणि उष्ण हवेत पत्र्याखाली ठेवलेलं पीठ थोड्याच दिवसांत खवट होऊ लागतं. तुमच्या बलकाला येणारा 'रंगासारखा' वास याच खवटपणाचा असण्याची शक्यता मोठी आहे.

खवट तेलाने ओमेगा-३ तर जातंच, शिवाय खाद्यातलं ई जीवनसत्त्वही खर्ची पडतं. कोंबडीच्या यकृतावर आधीच मोठा भार असतो, कारण रोजच्या बलकाची चरबी तिथेच तयार होते. त्यात खवट तेलाची भर पडली आणि ई जीवनसत्त्व अपुरं असलं की यकृत ठिसूळ होतं, फाटतं आणि पोटात रक्तस्राव होतो. सकाळपर्यंत धडधाकट असलेली कोंबडी दुपारी मरून पडलेली सापडते, तुरा फिका. शवविच्छेदनाच्या टेबलावर असं यकृत बोटाने दाबलं की लोण्यासारखं तुटतं. ते लसणाने सांधत नाही. तुमच्याकडे हेच झालं आहे का, हे शवविच्छेदनच सांगेल.

दुसरी भीती बुरशीची. धान्य १२-१३ टक्के ओलाव्यावर टिकतं, तेलबियांना त्याहून बरंच कोरडं ठेवावं लागतं. १९६० साली इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की पक्षी मेले. शोध घेतला तेव्हा दोष बुरशी लागलेल्या शेंगदाणा पेंडीत सापडला आणि त्यातूनच अफ्लाटॉक्सिनचा शोध लागला. हे विष भाजून किंवा उकडून जात नाही, आणि थोडं अंड्यातही उतरतं. बुरशीचा वास येणारी पेंड उन्हात घालून पुन्हा वापरू नका. बाजारातली 'टॉक्सिन बाइंडर' (विष बांधून ठेवणारी) पावडर घातली की कुठलीही पेंड चालते, हे विक्रेत्याचं बोलणंही मनावर घेऊ नका.

यापुढे जवस अख्खं घ्या, वास घेऊन आणि हातात चोळून घ्या, चार-पाच दिवसांपुरतंच भरडा. भरडलेलं हवाबंद डब्यात, अंधारात आणि थंड जागी ठेवा. ई जीवनसत्त्व किती वाढवायचं हे सूत्र बसवणाऱ्या तज्ज्ञाला विचारा. आणि अंड्याला परका वास आला की त्याच दिवशी पशुवैद्यकाला फोन करा.

प्रश्न : खाद्यात मोहरीची पेंड सुरू केल्यापासून काही अंड्यांना मासळीचा वास येतो. मासळी तर आम्ही घालतच नाही. पांढरी अंडी ठीक आहेत, तपकिरीच बिघडतात. हे शक्य आहे का?

शक्य आहे, आणि तुम्ही फार नीट पाहिलंत. मोहरीच्या कुळातल्या बियांत सिनॅपिन असतं. कोंबडीच्या आतड्यातले जिवाणू त्यापासून ट्रायमिथाइल अमाइन बनवतात. सडक्या मासळीचा वास याच संयुगाचा. बहुतेक कोंबड्या ते यकृतात मोडून टाकतात. तपकिरी अंडी देणाऱ्या काही वाणांत मात्र हे काम करणाऱ्या विकराच्या (एन्झाइमच्या) जनुकातच दोष असतो. २००५ मध्ये तो दोष नेमका सापडला, आणि माणसांतही त्याच जनुकातल्या बिघाडाने अंगाला मासळीचा वास येण्याचा आजार होतो. त्यात मोहरीतलेच आणखी काही घटक त्या विकराचं काम मंदावतात, म्हणजे दुहेरी अडचण. सगळ्याच तपकिरी कोंबड्या अशा नसतात. पैदास करणाऱ्या अनेक कंपन्यांनी हा दोष चाचणीने काढून टाकला आहे. पेंड बंद करून दोन-तीन आठवडे पाहा. तरीही वास राहिला तर खाद्यातल्या कोलीन या पोषकद्रव्याचं प्रमाण आणि अंड्यांची साठवण तज्ज्ञाकडून तपासून घ्या.

प्रश्न : सरकी घालतो. ताजं अंडं फोडलं तर चांगलं दिसतं, पण शीतगृहातून महिन्याभराने आलेल्या अंड्यांचा पांढरा भाग गुलाबी आणि बलक चिकणमातीसारखा घट्ट. अंड्यात रक्त आहे का?

रक्त नाही, पण सरकीवर माझा संशय पक्का आहे. सरकीच्या तेलात एक चमत्कारिक प्रकारची मेदाम्लं असतात, ज्यांच्या रेणूत तीन कार्बनांचं वेटोळं असतं. स्टिअरिक आम्लाचं ओलिइक आम्ल करणारं कोंबडीचं विकर ती बंद पाडतात. बलकात घट्ट चरबी वाढते आणि थंडीत तो गोळा होतो. बलकाभोवतीचा पडदाही कमजोर होतो, आतलं लोह पांढऱ्या भागात झिरपतं, तिथल्या प्रथिनाला चिकटतं आणि गुलाबी रंग येतो. सरकीतलं दुसरं द्रव्य गॉसिपॉल. ते बलकातल्या लोहाशी जुळून बलक हिरवट-तपकिरी करतं, तेही साठवणीत जास्त. अख्खी सरकी आणि घाणीची पेंड यांत तेल अधिक, म्हणून हा धोका अधिक; द्रावकाने तेल काढलेल्या पेंडीत पहिला दोष कमी होतो, गॉसिपॉल राहू शकतं.

एक इशारा. गुलाबी किंवा मोत्यासारखी चमकणारी झाक काही जिवाणूंच्या वाढीनेही येते. नुसतं बघून फरक कळत नाही, म्हणून अशी अंडी विकूही नका, खाऊही नका. नमुना तपासायला द्या. अंड्यावरच्या कोंबड्यांना सरकी देऊच नये असं माझं मत आहे.

प्रश्न : जवसाऐवजी जवसाची पेंड घातली तर?

पेंडीत तेल उरतच नाही किंवा थोडं उरतं, त्यामुळे ओमेगा-३ बहुतेक गेलेलं असतं आणि डिंक व लिनॅटिन मात्र तिथेच. 'ओमेगा पेंड' नावाने ती विकली जाते. तेलाच्या टक्क्यांचा दाखला मागितल्याशिवाय घेऊ नका.

प्रश्न : उकडलेल्या अंड्याच्या बलकाभोवती हिरवट कडा येते. तेलबियांमुळे?

नाही, अंडं जास्त वेळ उकडल्यामुळे.

प्रश्न : वडिलांना हृदयविकार आहे, रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे. ओमेगा-३ ची अंडी सुरू करून गोळी कमी करता येईल का?

गोळीला हात लावू नका. अंडं हे अन्न आहे, औषधाची जागा ते घेत नाही. वडिलांनी किती अंडी खावीत हेसुद्धा त्यांच्या हृदयरोगतज्ज्ञांना विचारूनच ठरवा.

प्रश्न : एरंडीची पेंड फुकट मिळते आहे. उकळून थोडी घातली तर चालेल का?

अजिबात नाही. तिच्यात रिसिन हे तीव्र विष असतं, आणि घरच्या उकळण्यावर पक्ष्यांचे जीव सोपवता येत नाहीत. मिसळली असेल तर ते खाद्य आत्ता काढून घ्या, हात आणि भांडी धुवा आणि पशुवैद्यकाला बोलवा.